निळी-पिवळी ढाल

हर्णैच्या सोसायटीतला कॉम्प्युटर
वर्षातून चारदा आजारी पडतो.
खारा वारा पोर्टात शिरतो, पितळेला हिरवं चढतं,
मग मी दापोलीहून स्कूटरवर येतो
आणि कापसाच्या काडीला स्पिरिट लावून
एकेक भोक पुसत बसतो.
आडनाव मुकादम. हाताखाली
एक स्क्रू-ड्रायव्हर आणि धूळ उडवायचा ब्लोअर.

या वेळी दुखणं वेगळं होतं.
डिझेलच्या पावत्यांचा प्रोग्राम
चिपळूणच्या कुठल्याशा पोराने कधीकाळी लिहिलेला.
पोरगा आता दुबईला, फोन लागत नाही.
साधा उघडला तर म्हणतो, परवानगी नाही.
उजवं बटण दाबून
‘प्रशासक म्हणून चालवा’ म्हटलं, तरच हलतो.
एक पावती छापली की आपोआप मिटतो.
पुन्हा उजवं बटण. पुन्हा सगळा पडदा काळवंडतो,
भरदुपारी उन्हावर ढग यावा तसा,
आणि मधोमध ती ढाल, निळी-पिवळी, विचारते:
याला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का?

हेमांगी पावसे पासवर्ड घालते.
मी खिडकीकडे तोंड करतो. धंद्याची रीत.
बाहेर ओहोटी, पलीकडे सुवर्णदुर्ग,
आसापर्यंत पाण्यात उभ्या बैलगाड्या,
होडीतून उतरणाऱ्या टोपल्या.
कान मात्र फिरवता येत नाहीत.
नऊ अक्षरं. चौथ्यानंतर जरा थांबणं.
दिवसाला साठ पावत्या.

मी म्हटलं, हे बरं नाही, ताई.
पाणी मागायला आलेल्याच्या हातात
कोणी घराच्या सगळ्या किल्ल्या देतं का?
उद्या याच्या पाठीवर बसून
दुसरंच काही आत आलं, तर तेही प्रशासकच.
ती म्हणाली, बोटीवर तांडेलाचं चालतं,
बंदरावर दलालाचं, या ऑफिसात चेअरमनचं.
यात प्रशासक म्हणजे नेमकं कोण?
जो पासवर्ड घालतो तो, मी म्हटलं.
मी हसलो. ती हसली नाही.

शोधलं तेव्हा सापडलं. बिचाऱ्याला हवं होतं
फक्त एका फोल्डरात एक आकडा लिहिणं,
शेवटच्या पावतीचा नंबर.
एवढ्यासाठी दिवसातून साठ वेळा आभाळ काळं!
त्या एका फोल्डरची मुभा दिली,
तिच्याकडूनच शेवटचा पासवर्ड घालून घेतला,
चौकोनातली खूण काढली.
प्रोग्राम निमूट उघडला.
ना ढग, ना ढाल.
तीनशे रुपये, चहा, आणि नको नको म्हणताना
वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील.

पंधरवड्याने पुन्हा गेलो, प्रिंटरची रिबन अडकली म्हणून.
रांगेत पुढे धर्मा नाखवा,
लुंगी गुडघ्यापर्यंत ओली, दोन कॅन, दातांत परवाना.
हेमांगीने माऊस टिचकवला
आणि पडदा काळवंडला.

हे कोणी केलं?
मी. उजवं बटण, गुणधर्म,
वरची दुसरी की तिसरी पट्टी, खाली एक चौकोन.
तुम्ही करताना बघितलं होतं.

अहो पण तो आता नुसताही चालतो!

तिची बोटं कीबोर्डवर. चार अक्षरं.
थांबली. नाखवाने परवाना
दातांतून हातात घेतला. मागची रांगही थांबली.
मग पाच.

पडदा उजळला, प्रिंटर करकरला,
अर्ध्यात अडखळून पुन्हा करकरला.
चालतो हो, म्हणाली पावती फाडत,
पण न विचारता.

मी रिबन सोडवायला घेतली.
दापोलीला पोचेपर्यंत बोटं काळीच होती.